झोंबलं म्हणजे जखम स्वच्छ झाली असं नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेली. मोठ्या अपघातातले रुग्ण थेट शस्त्रक्रिया विभागात जायचे. आमच्या दाराशी यायची ती साधी लागलेली-कापलेली माणसं. सुरीने कापलेलं बोट, खरचटलेला गुडघा, ठेच लागून उखडलेलं नख, पायात घुसलेला खिळा. त्यातल्या कितीतरी जणांच्या बाबतीत माझं पहिलं काम असायचं ते घरी जखमेवर जे काही थापलेलं असेल ते सोडवून काढणं. टूथपेस्ट, पावडर, राख, तेल, रक्तात वाळून घट्ट बसलेला कापसाचा बोळा, एकावर एक लावलेली दोन-तीन मलमं. ते सगळं भिजवून, हळूहळू सुटं करून काढलं की खालची जखम बहुतेक वेळा किरकोळ निघायची. सोडवताना होणाऱ्या वेदना मात्र किरकोळ नसायच्या. लहान मुलं त्या पायी दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला यायला तयार नसायची.

आजही माझ्या आसपास मूल पडलं की आधी औषधाची बाटली शोधली जाते. नळ नंतर, आणि पुष्कळदा नाहीच. मूल ओरडलं की मोठी माणसं समाधानाने म्हणतात, ‘झोंबतंय ना? म्हणजे औषध लागलं.’ हा समज चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होतं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

किरकोळ जखमेचा खरा इलाज वाहतं स्वच्छ पाणी हा आहे. पण पाण्याच्याही आधी दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे मदत करणाऱ्याने स्वतःचे हात साबणाने धुणं. इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला किती त्रास पडला पाहा. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी सहकाऱ्यांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी त्या काळच्या कित्येक डॉक्टरांना ते पटलं नाही. आज ते कोणी नाकारत नाही, पण घरात बोट कापलं की धावपळीत हात धुवायचे राहून जातात. दुसरी गोष्ट, रक्त थांबवणं. स्वच्छ कापड किंवा गॉझ (ड्रेसिंगचं विरळ विणीचं सुती कापड) जखमेवर ठेवून सलग 10 मिनिटं घट्ट दाबून धरायचं. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवायचं. हाताला लागलं असेल तर हात छातीच्या वर उचलून धरायचा. बोटाला लागलं असेल आणि बोटात अंगठी असेल, तर ती लगेच उतरवायची. सूज चढल्यावर ती निघत नाही, मग कापावी लागते. उशीर झाला तर बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

रक्त थांबलं की जखम नळाखाली धरायची, आणि इथे घाई करायची नाही. पाण्याचा एक हबका मारणं म्हणजे धुणं नव्हे. निदान पाच मिनिटं पाणी जखमेवरून वाहू द्या. माती, वाळू, डांबर लागलेलं असेल तर त्याहून जास्त. धारेला थोडा जोर असावा, पण कातडी फाटेल इतका नको. नळाशी नेणं शक्य नसेल तर भांड्यातून धार धरा, किंवा नवी स्वच्छ सिरिंज सुईशिवाय वापरून पाणी मारा. आम्हीही तेच करायचो. साबण जखमेच्या भोवतालच्या कातडीला लावा. थोडा फेस आत गेला म्हणून बिघडत नाही, पण आत चोळू नका.

पाण्याने नेमकं होतं काय? जंतू जखमेत आले म्हणजे लगेच संसर्ग झाला असं नसतं. ते किती संख्येने आहेत आणि त्यांना आडोसा मिळतोय का, यावर ते ठरतं. मातीचा कण, काचेची कणी, लाकडाची सल, मेलेली कातडी, साकळलेलं रक्त हे सगळे जंतूंचे आडोसे. ते वाहून गेले आणि जंतूंची संख्या घटली की उरलेल्यांचा समाचार घ्यायला शरीरातल्या पांढऱ्या पेशी समर्थ असतात. औषध टाकून मातीचा कण जागचा हलत नाही. तो तिथेच औषधात भिजून बसतो. खरचटलेल्या जखमेत कण राहिले तर कातडी त्यांच्यावरून भरून येते आणि तिथे निळसर काळे डाग कायमचे राहतात. चेहऱ्यावर असे डाग घेऊन वावरणारी तरुण मुलं-मुली मी पाहिली आहेत. पहिल्या दिवशी नीट धुतलं असतं तर ते टळलं असतं. म्हणून पाण्याने न निघालेले कण ओल्या गॉझने हलकेच पुसून, वरवरचे असतील तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढावेत. खोल रुतलेली वस्तू मात्र ओढून काढू नये. तिनेच रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते. ती हलणार नाही असा भोवती आधार देऊन रुग्णालय गाठावं.

पाणी कोणतं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जायचा. जे पाणी तुम्ही निर्धास्तपणे पिता, ते जखम धुवायला चालतं. रुग्णालयातलं निर्जंतुक सलाइन आणि पिण्याजोगं नळाचं पाणी यांची तुलना करणारे अभ्यास झालेले आहेत. नळाच्या पाण्याने संसर्ग वाढल्याचं त्यांत आढळलेलं नाही. पाण्याची खात्री नसेल तर उकळून, झाकून गार केलेलं घ्यावं. घरी सलाइन करायचंच असेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ हे प्रमाण. त्याहून खारट केलं तर झोंबेल, फायदा काही वाढणार नाही. पण गार झालेलं सलाइन तयार होईपर्यंत थांबण्यापेक्षा समोरचा नळ उघडलेला केव्हाही बरा.

आता औषधांकडे येते. जंतुनाशकांविषयी मला आदर आहे. 1865 साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकांनी एका 11 वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकात भिजवलेली पट्टी बांधली. हाड मोडून कातडी फाटलेल्या अशा जखमा त्या काळी सडायच्या, पाय कापावा लागायचा, पुष्कळदा जीवही जायचा. त्या मुलाचा पाय वाचला. 1867 मध्ये लिस्टर यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेचं चित्रच पालटलं. पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन्य इथल्या लष्करी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. पेनिसिलिनचा शोध त्यांना अजून पुढे, 1928 मध्ये लागायचा होता. सैनिकांच्या खोल जखमांत ओतलेली तीव्र जंतुनाशकं जखमेच्या कानाकोपऱ्यात पोचतच नाहीत, आणि जिथे पोचतात तिथे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच आधी मारतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. म्हणजे ही गोष्ट कळून आता शंभर वर्षं उलटली आहेत. घराघरात ती अजून पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हायड्रोजन पेरॉक्साइडचंच उदाहरण घ्या. जखमेवर टाकलं की पांढरा फेस फसफसून वर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, जंतू मरताहेत. तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. ते विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. जखमेत एकही जंतू नसला तरी फेस येणारच. जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशींना मात्र त्याने इजा होते. रोज दोनदा पेरॉक्साइडने ‘धुतलेल्या’ आणि म्हणूनच न भरणाऱ्या जखमा मी पाहिल्या आहेत. बाटली बंद केली, साध्या पाण्यावर आणलं, की त्या भरू लागायच्या.

स्पिरिट आणि सॅनिटायझर हे अखंड कातडीसाठी आहेत. इंजेक्शनच्या आधी दंड पुसायला, चिमटा पुसायला ते योग्यच. उघड्या जखमेत ते पेशींना जाळतात. झोंबणं हे त्याचंच लक्षण. बाटलीतली तपकिरी किंवा पिवळसर अँटिसेप्टिक द्रावणं तर कित्येक जण पाणी न घालता थेट ओततात. एका सुताराने अंगठ्याच्या छोट्या कापावर अशा द्रावणात भिजवलेला कापूस बांधला, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी अंगठ्याची सगळी कातडी पांढरी पडून सोलून निघाली होती. मूळची चीर नखभर होती, औषधाचा चटका अख्ख्या अंगठ्याला. बाटलीवर किती पाणी घालायचं ते छापलेलं असतं. ते वाचायलाच हवं, आणि तसं पातळ केलेलं द्रावणही अंगावर बांधून ठेवण्यासाठी नसतं.

पोविडोन आयोडीन हे त्यातल्या त्यात कामाचं औषध आहे, विशेषतः जखम मळलेली असेल तेव्हा. पण तेही धुतल्यानंतर. माती आणि रक्त शिल्लक असलं तर आयोडीन त्यातच खर्ची पडतं. पहिल्या दिवशी एकदा पातळ थर लावणं पुरतं. थायरॉइडचा आजार असेल, बाई गरोदर असेल किंवा तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच वापरावं. पूर्वी सर्रास दिसणारं लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोम, त्यात पारा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1998 मध्ये त्याला सुरक्षित आणि परिणामकारक मानल्या जाणाऱ्या औषधांच्या यादीतून वगळलं. लाल-जांभळ्या औषधांबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. गुडघा एकदा रंगवला की त्याखालची लाली वाढतेय की ओसरतेय हे कळतच नाही, आणि संसर्ग ओळखायची पहिली खूण तर तीच असते.

अँटिबायोटिक मलमांचंही तसंच. स्वच्छ धुतलेल्या किरकोळ जखमेला त्यांची सहसा गरज नसते. निओमायसिन असलेल्या मलमाने अनेकांना ॲलर्जी होते. खाज आणि पुरळ येतं, लोकांना वाटतं जखम चिघळली, आणि ते मलम आणखी जाड लावतात. शिवाय गरज नसताना अँटिबायोटिक वापरत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्याऐवजी साधी पेट्रोलियम जेली लावून वर गॉझ किंवा चिकटपट्टी लावली तरी भागतं. डब्यात बोटं घालण्यापेक्षा जेलीची ट्यूब चांगली. पावडर तर नकोच. तिचा ओल्या जखमेवर टणक थर होतो, आणि त्याखाली पू साठला तरी दिसत नाही.

‘उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या’ हा सल्ला मी स्वतः रुग्णालयात शिकाऊ असताना ऐकलेला आहे. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवून वाळू दिल्या, काही पातळ आवरणाने झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. कडेच्या पेशी सरकत सरकत मध्यापर्यंत येतात. वाटेत कोरडी खपली असली तर त्यांना तिच्याखालून खोल जावं लागतं, ओल असली की सरळ जाता येतं. तेव्हा जखम झाका, पट्टी रोज बदला, आणि भिजली किंवा मळली तर लगेच बदला. चिकटलेली पट्टी ओरबाडू नका. पाण्याने भिजवा, थोडं थांबा, ती आपोआप सुटते. जखमेवर थेट कापूस ठेवू नका, त्याचे तंतू आत अडकतात. बोटाला पट्टी बांधताना इतकी आवळू नका की टोक निळं पडेल.

धनुर्वाताबद्दल दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. एक, की गंजामुळे धनुर्वात होतो. धनुर्वाताचे जंतू माती, धूळ, जनावरांचं शेण यांत सुप्त बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात. उघड्यावर पडलेल्या गंजक्या खिळ्याला ती माती चिकटलेली असते, एवढाच गंजाचा संबंध. चकचकीत खिळाही मातीतून आला असेल तर तितकाच घातक. हे जंतू हवा नसलेल्या ठिकाणी वाढतात. म्हणून बाहेरून टिकलीएवढी दिसणारी, आत खोल भोसकलेली जखम रुंद खरचटण्यापेक्षा जास्त धोक्याची. बागकाम करताना टोचलेला काटा कोणी मोजतही नाही, त्याचीच मला अधिक काळजी वाटते.

दुसरा गैरसमज असा की ‘इंजेक्शन घेतलं, आता चिंता नाही.’ लोक जखम न धुता इंजेक्शनसाठी रांगेत उभे राहायचे. ती लस धनुर्वातापासून वाचवते. पू करणाऱ्या इतर जंतूंशी तिचा काही संबंध नाही. आणि प्रत्येक वेळी लागलं की टोचून घ्यायचीही गरज नसते. लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि जखम लहान नि स्वच्छ असेल, तर शेवटच्या डोसला 10 वर्षं झाली नसल्यास नवा डोस लागत नाही. जखम खोल असेल, माती-शेण-लाळ लागलेली असेल, तर ही मर्यादा 5 वर्षांची. ज्याने आधी लस पुरेशी घेतलेलीच नाही, त्याला मळलेल्या जखमेसाठी लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागू शकतं, आणि ते डॉक्टरच ठरवतील. यासाठी शेवटचा डोस कधी घेतला हे लिहून ठेवलेलं हवं. मी प्रत्येक रुग्णाला तारीख विचारायचे, आणि बहुतेक जण ‘घेतलं होतं केव्हातरी’ म्हणायचे.

प्राण्याचा चावा किंवा ओरखडा ही किरकोळ जखम कधीच नसते, मग रक्त आलेलं दिसो वा न दिसो. इथेही पहिला उपाय पाणीच, पण साबणासह आणि पूर्ण 15 मिनिटं घड्याळ लावून. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. म्हणून हे धुणं म्हणजे प्रत्यक्ष उपचार आहे. त्यानंतर पोविडोन आयोडीन लावावं आणि त्याच दिवशी लसीसाठी जावं. चाव्यावर चटका देणं, तिखट चोळणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्याआधी लस घेतली तर वाचतो. या बाबतीत ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्यांशी मी भांडलेली आहे आणि पुन्हा भांडेन.

डॉक्टरांकडे कधी जायचं, याबद्दल लोक एकतर उगाच घाबरतात किंवा फार थांबतात. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, आत पिवळी चरबी दिसत असेल, 10-15 मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट हलवता येत नसेल किंवा बधिर झालं असेल, जखम डोळ्याजवळ किंवा सांध्यावर असेल, तर त्याच दिवशी, जितक्या लवकर जाल तितकं बरं. टाके पहिल्या काही तासांत घातलेले चांगले. पहिल्या एक-दोन दिवसांत कडेला थोडी लाली, थोडी सूज, थोडी ठसठस असते, ती बरं होण्याचाच भाग आहे. पण तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी ठणका लागला, लाली पसरत चालली, जागा गरम लागली, पू आला, ताप भरला, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, किंवा पायाच्या जखमेमुळे जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत.

मधुमेह असलेल्यांसाठी मात्र हा सगळा हिशेब वेगळा आहे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असली तर जखम दुखतच नाही, आणि न दुखणारी जखम कोणी दाखवत नाही. चपलेत अडकलेला खडा दिवसभर पायाखाली राहिलेला, तरी माणसाला पत्ता नाही, हे मी अनेकदा पाहिलं. अशा व्यक्तीच्या पायाची कुठलीही जखम, कितीही छोटी असो, धुऊन, झाकून डॉक्टरांना दाखवावीच. रोज झोपण्यापूर्वी तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरून किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगून.

संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीत मोठमोठ्या आजारांवर लेख येतात, ते मी आवडीने वाचते. माझी विनंती इतकीच की महिन्यातून एकदा तरी प्रथमोपचारावरची एक चौकट छापावी, कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल अशी. पहिली चौकट जखम धुण्याची असावी. पेटीत काय ठेवायचं तेही त्यात यावं: निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, बँडेजची गुंडाळी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, पोविडोन आयोडीनची छोटी बाटली, पेट्रोलियम जेलीची ट्यूब, हातमोजे. आणि आत एक कागद, ज्यावर घरातल्या प्रत्येकाच्या धनुर्वाताच्या शेवटच्या डोसची तारीख लिहिलेली असेल. मजकूर तपासून द्यायला मी आनंदाने तयार आहे. अक्षर मोठं ठेवावं, म्हणजे चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका